कपाटाची किल्ली कोणाकडे?

गावात वाचनालय आहे काय, असे परगावच्या पाहुण्याने विचारले तर गोमंतकातील बहुतेक गावांत 'आहे तर!' असेच उत्तर मिळेल. पंचायतीच्या माडीवर एक खोली, देवस्थानच्या अग्रशाळेला लागून एक खोली, नाहीतर एखाद्या मंडळाने हौसेने सुरू केलेली आणि आता एकट्या चिटणिसाच्या गळ्यात पडलेली खोली. मध्ये लांब मेज, मेजावर चार-पाच दैनिके, भिंतीला काचेची कपाटे आणि कपाटांना कुलपे. सकाळी पेन्शनर मंडळी येतात, राजकारणाच्या बातम्या आणि मरणाच्या जाहिराती वाचतात, थोडा वाद घालतात आणि जेवणवेळेला घरी जातात. वाचकहो, याला वृत्तपत्रांची खोली म्हणावे. वाचनालय म्हणण्यासाठी आणखी काही घडावे लागते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. वाचनालयाला इमारत लागते, पैसा लागतो, ग्रंथ तर लागतातच. पण या तिन्हींच्या आधी 'हे पुस्तक घरी ने आणि वाचून मला सांग' असे म्हणणारा एक माणूस लागतो. तो नसेल तर बाकीचे असून नसल्यासारखे. वाचनालयाच्या नावाने जे कार्यक्रम होतात त्यांचीही परीक्षा एकाच कसोटीवर व्हावी: कार्यक्रम आटोपल्यावर किती पुस्तके देवघेवीच्या वहीत चढून लोकांच्या घरी गेली?

कार्यक्रमांना तोटा नाही. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात, आणि तिकडची चांगली गोष्ट उचलायला आपण कधी मागे नव्हतो. १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा पेढे वाटले गेले, आणि ते आम्हीही खाल्ले. पण हे कार्यक्रम होतात कसे ते आठवून पहा. पाहुणे तासभर उशिरा येतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ. मग पाहुणे पाऊण तास मोबाईलच्या दुष्परिणामांवर बोलतात आणि ते भाषण आयोजक मोबाईलवर टिपून घेतात. शाळेतून रांगेने आणलेली मुले चुळबुळत बसलेली असतात. सर्वांत मोठी गंमत म्हणजे, खुर्च्या मांडायला जागा हवी म्हणून कपाटांपुढची वाट त्या दिवशी पूर्ण अडलेली असते. वाचनाच्या दिवशी पुस्तकापर्यंत पोचता येत नाही! अहवालात मात्र 'कार्यक्रम उत्साहात संपन्न' अशी ओळ पडते आणि पुढच्या वर्षापर्यंत सारे निश्चिंत.

ग्रंथ असले म्हणजे वाचन होते, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय पोर्तुगीज अमदानीत १५ सप्टेंबर १८३२ रोजी स्थापन झाले. देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. पुढे धर्मसंघ बरखास्त झाले तेव्हा मठांतील ग्रंथही तिथे येऊन पडले. नाव सार्वजनिक; ग्रंथ मात्र मुख्यतः पोर्तुगीज आणि लॅटिन. पेडण्याच्या शेतकऱ्याला किंवा काणकोणच्या बागायतदाराला त्या दालनाचा उपयोग तो काय होणार?

त्या काळी या महालांत वाचन नव्हते असे मात्र कोणी समजू नये. श्रावणात ओसरीवर पोथी लागत असे. श्रीधरस्वामींचा हरिविजय किंवा पांडवप्रताप चौरंगावर, शेजारी समई. एकजण ओव्या वाचणार, दुसरा अर्थ सांगणार, आणि ज्यांना अक्षरओळख नाही अशा आज्या 'थांब रे, द्रौपदीने नेमके काय म्हटले ते पुन्हा सांग' म्हणून अडवणार. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, मधोमध ग्रंथ, प्रश्न विचारायला मोकळीक आणि शेवटी प्रसाद. समाजशिक्षणाच्या कार्यक्रमाची याहून चांगली आखणी आम्हाला अध्यापक विद्यालयातही कोणी शिकवली नाही. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले, इथल्या हिंदू समाजाला थोडी मोकळीक मिळाली आणि मराठी शाळा व वाचनालये निघू लागली, ती या ओसरीवरच्या पुंजीच्या जोरावर. वाचणारा समाज आधी होता. खोली नंतर आली. आज खोली आहे आणि समाज उठून गेला आहे.

एक छापील कागद योग्य वेळी योग्य हातात पडला तर काय होते, याचा दाखला दूर शोधायला नको. धर्मानंद कोसंबी १८७६ साली सांखवाळ येथे जन्मले. शालेय शिक्षण जेमतेम, घरी नारळीच्या बागेची व्यवस्था. त्या खेड्यात 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात बुद्धचरित्रावरचा लेख त्यांच्या वाचनात आला आणि माणसाची दिशाच फिरली. घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असा प्रवास करून ते पाली भाषेचे पंडित झाले आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोचले. ही हकीकत त्यांनी स्वतः 'निवेदन' या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. मुलांचे एक मासिक! ते त्या वेळी सांखवाळच्या एखाद्या कपाटात कुलपाआड असते तर?

ग्रंथालयशास्त्राचे आपल्या देशातील आद्य आचार्य डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची जी पाच सूत्रे मांडली त्यांपैकी दोन केवळ वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालण्याविषयी आहेत. ग्रंथपालाचे काम राखणदाराचे नसून सोयरीक जुळवणाऱ्याचे आहे, असे आम्ही आमच्या भाषेत म्हणू.

त्याआधीच बडोद्याला सयाजीराव महाराजांनी हे प्रत्यक्षात आणून दाखवले होते. १९०६ साली त्यांनी राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही तर मुलगा शिकलेले अक्षर विसरतो, हे त्या चाणाक्ष राजाने ओळखले आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले. खेड्यातील लोकांनी एक हिस्सा जमवावा, तेवढाच स्थानिक मंडळाने आणि तेवढाच सरकारने घालावा, अशी योजना झाली. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाची चित्रे आणि चलच्चित्रे दाखवणारी स्वतंत्र शाखा ग्रंथालय खात्यात होती. म्हणजे कार्यक्रम तिथेही होते, पण त्यांचे तोंड पुस्तकाकडे होते.

शिकलेला मुलगा अक्षर विसरतो ही बडोद्याची शंभर वर्षांपूर्वीची चिंता आज आपल्या उंबरठ्यावर येऊन उभी आहे. २०११ साली प्राथमिक स्तरावर इंग्रजी माध्यमाला सरकारी अनुदानाचे दार उघडले. पट घसरला म्हणून गावोगावच्या मराठी प्राथमिक शाळा बंद पडल्या किंवा एकमेकींत मिसळल्या. या धोरणाविषयी आमचे मत काय आहे ते वाचकांना सांगायला नको. पण धोरण बदलेपर्यंत मूल थांबत नाही. घरी ते कोंकणी बोलते, शाळेत इंग्रजी गिरवते, आणि देवनागरीतला मथळा बोट ठेवून, अक्षर-अक्षर जोडून वाचते. आजी देवळात हरिपाठ म्हणते तो त्याला पाठ असतो, पण पुस्तकात दाखवला तर वाचता येत नाही. अशा मुलाला मराठी पुस्तक मिळण्याची एकच सार्वजनिक जागा गावात उरली आहे, ती म्हणजे ही माडीवरची खोली. मराठी आधी की कोंकणी, यावर चौकात तावातावाने भांडणाऱ्या कित्येक घरांत दोन्हींपैकी एकाही भाषेचे पुस्तक नसते, हेही जाता जाता नमूद करून ठेवतो. अक्षर गेले तर दोन्ही भाषा एकाच वाटेने जातील.

तेव्हा पुस्तक सुचवावे कसे? ही कला आहे आणि ती शिकता येते. आपल्याकडे पाचवीच्या मुलीला वक्तृत्वाचे बक्षीस म्हणून सहाशे पानांची कादंबरी देतात. देणाऱ्याला पुण्य लागते, पुस्तक शोकेसमध्ये जाते. सुचवणाऱ्याने आधी विचारावे, शेवटचे पूर्ण वाचलेले पुस्तक कोणते? आवडले की अर्ध्यावर कंटाळा आला? शिक्षकांना एक सोपी युक्ती ठाऊक असते. मुलाला पुस्तकातले कुठलेही एक पान वाचायला द्यावे. अडलेल्या प्रत्येक शब्दाला त्याने एक बोट दुमडावे. पान संपण्याआधी मूठ मिटली तर ते पुस्तक आज ठेवून द्यावे, दुसरे द्यावे. यात अपमान नाही. माप घेतल्याशिवाय शिंपी कपडा बेतत नाही.

देवनागरीत अडखळणाऱ्या मुलासाठी माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तके घ्यावीत. 'राधाचं घर' वाचताना सात वर्षांचे मूल स्वतःच्या घराकडे पाहू लागते. थोडी गती आली की विंदा करंदीकरांच्या बालकविता, त्याही मोठ्याने म्हणायच्या. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. 'असले काय वाचतोस' म्हणून नाके मुरडणारे पालक आम्ही पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगतो की मुलाचा वेग अशाच पुस्तकांनी वाढतो. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. प्रत्येक वाचनालयाने ते घ्यावे आणि मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर ठेवावे. बारा-तेराव्या वर्षी प्रकाश नारायण संतांचा लंपन भेटावा. 'वनवास' मधला तो मुलगा कानडी मुलखाच्या कडेला वाढतो, त्यामुळे दोन भाषांत जगणाऱ्या आपल्या मुलांना तो परका वाटत नाही.

'आम्हाला कुठला वेळ' म्हणणाऱ्या गृहिणींना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' द्यावीत, आणि पहिली दहा पाने कोणीतरी वाचून दाखवावीत. शाळेचे तोंडही धड न पाहिलेल्या त्या बाईने आपल्या संसाराची चित्तरकथा अशी सांगितली आहे की ऐकणारी हसता हसता पदर डोळ्यांना लावते. पुढची पाने ती आपणहून मागून नेते. नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकाला माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्यावी. धनगरांच्या वस्तीवर गेलेल्या त्या तरुण मास्तराकडून जे शिकायला मिळते ते प्रशिक्षणाच्या टाचणांत नाही. सत्तरीच्या वाचकाने आंबेड्याच्या महादेवशास्त्री जोशींचे 'आत्मपुराण' वाचले नसेल तर ती आपल्या वाचनालयांची हार समजावी. भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे करणारा हा माणूस आपल्याच मातीतला. आपल्या गावाबद्दल, देवस्थानाबद्दल, जातीजमातींबद्दल ऐकीव गोष्टींवर भांडणाऱ्यांसाठी बा. द. सातोस्करांचे 'गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती' मेजावर उघडे असावे. आणि दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन'ही त्याच फळीवर ठेवावी. ज्ञानपीठ मिळालेल्या शेजाऱ्याचे पुस्तक न वाचता त्याच्याशी वाद घालणे मराठी माणसाला शोभत नाही.

ही आमची यादी. ती कोणी शिरोधार्य मानू नये. प्रत्येक गावाने आपली करावी. वाचनालयाच्या दारात एक काळा फळा लावावा आणि दर आठवड्याला एका वाचकाने आपण वाचलेल्या पुस्तकाविषयी दोन ओळी, खाली स्वतःचे नाव घालून लिहाव्यात. पंचायतीच्या शिपायाने लिहावे, मासे विकणाऱ्या बाईने लिहावे, दहावीतल्या मुलाने लिहावे. पुस्तकाची शिफारस अध्यक्षांनी केली तर कोणी हलत नाही. 'आमच्या वाड्यावरच्या बसच्या कंडक्टरने वाचले' म्हटल्यावर चारजण तरी वाकून पाहतात.

कार्यक्रमांच्या बाबतीत तर आपल्याकडे सोने पडले आहे आणि आपण ते तुडवत चाललो आहोत. जत्रेला, चवथीला, शिगम्याला मराठी नाटक केल्याशिवाय आपल्या गावांचे समाधान होत नाही. दरवर्षी मंडळी नाटकाची संहिता शोधत पणजी-मडगाव धुंडाळतात आणि शेवटी कोणीतरी झेरॉक्स केलेली, पाने गळालेली प्रत आणतो. गावच्या वाचनालयाने नाटकांचे एक कपाट का राखू नये? पात्रे किती, स्त्रीपात्रे किती, देखावे किती, एवढे एका कार्डावर लिहून प्रत्येक पुस्तकात ठेवावे. निवडीच्या बैठका वाचनालयातच घ्याव्यात आणि दोन-तीन नाटकांचे जाहीर वाचन करावे. एका नाटकाच्या निमित्ताने पंधरा जण तीन पुस्तके ऐकतील; भाषणाने हे कधी साधले आहे काय? तसेच श्रावणातील पोथीच्या वेळेला जोडून आठवड्यातून एक संध्याकाळ गद्य पुस्तकाच्या वाचनाची ठेवावी, तीही सभामंडपात, जिथे लोक आधीच बसलेले असतात. इंग्रजी शाळेतल्या नातवाने एक परिच्छेद वाचावा, आजीने चुकलेला शब्द दुरुस्त करावा. जत्रेच्या फेरीत खाज्यांच्या दुकानाशेजारी वाचनालयाची पेटी मांडून तिथल्या तिथे सभासद करून घ्यावेत. बडोद्याच्या पेट्या याहून वेगळ्या नव्हत्या.

पणजीत पाटो येथे राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी वास्तू उभी आहे, तिला कृष्णदास शामा यांचे नाव दिले आहे. केळशीच्या या कवीचे मराठी कृष्णचरित्र १५२६ सालचे मानले जाते आणि आपल्या जुन्या ग्रंथांची हस्तलिखिते आज पोर्तुगालमध्ये ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. नाव दिले हे योग्यच झाले. परंतु ते कोण होते, असे तिथल्या पायऱ्यांवर दहा विद्यार्थ्यांना विचारून पहावे. एक चांगला कार्यक्रम तिथेच तयार होईल.

आता आक्षेप. पैसा कुठून आणायचा? वर सांगितलेल्यापैकी बहुतेक गोष्टींना खडू आणि वेळ एवढेच लागते. गोव्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९९३ साली झाला. कोल्हापूर संस्थानाने तो १९४५ सालीच केला होता आणि महाराष्ट्राने १९६७ साली. उशीर झाला, पण झाला. मात्र कायद्याने कपाट मिळते, वाचक मिळत नाही. दुसरा आक्षेप कुलुपाचा: कपाटे उघडी ठेवली तर पुस्तके जातील. थोडी जातील, हे खरे. पण आपल्या चार महिन्यांच्या पावसात बंद कपाटात बुरशी आणि वाळवी काय करते ते प्रत्येक चिटणिसाला ठाऊक आहे. चोराने नेलेले पुस्तक निदान कोणीतरी वाचले असण्याची शक्यता राहते. तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो आम्हाला पूर्ण मान्य आहे. मुले शाळेत, माणसे कामावर आणि बायका चुलीपाशी असतात नेमक्या त्याच वेळेत कित्येक वाचनालये उघडी असतात. तिन्हीसांजेला दिवे लागले की इकडे दार बंद. स्पर्धा परीक्षांच्या तरुणांना बसायला जागा मिळते ही चांगली गोष्ट. पण ते आपली पुस्तके घरून आणतात, कपाट त्यांनाही लागत नाही. संध्याकाळी सहा ते आठ, आठवड्यातून चार दिवस, एवढे जरी दार उघडे राहिले तरी निम्मे काम होईल. पगारी माणूस थांबत नसेल तर निवृत्त शिक्षकांनी पाळी लावून बसावे. गावोगाव आमचे कितीतरी व्यवसायबंधू संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर हवा खात बसलेले असतात, त्यांनी हे आपल्यासाठीच लिहिले आहे असे समजावे.

वाचकहो, या आठवड्यात आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन या. कोणत्या वेळी दार उघडे असते, कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आणि देवघेवीच्या वहीतली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, एवढ्या तीन गोष्टी पहा आणि पत्राने कळवा. येताना एक पुस्तक स्वतःच्या नावावर चढवून घेऊन या, आणि कोणते ते पत्रात खाली लिहा.